कळफलकाच्या कळा : दर दिवाळी अंकाला परत येणारं दुखणं शोधताना

ऑगस्ट उजाडला की माझी मान धरते. श्रावणात दिवाळी अंकांची प्रुफं यायला लागतात, दिवसाचे सात-आठ तास लॅपटॉपसमोर जातात आणि आठवड्याभरात डाव्या खांद्यापासून कानामागपर्यंत कुणी सुतळी ताणून बांधावी तसं वाटायला लागतं. त्याच सुमाराला डाव्या करंगळीला मुंग्या. ऑक्टोबर सरता सरता काम संपतं, दुखणं ओसरतं, मी विसरून जाते. पुढच्या ऑगस्टात पुन्हा तेच.

अशी चार वर्षं काढली. दर वर्षी काहीतरी विकत आणलं. मनगटाखाली ठेवायची जेलची उशी, मनगटाचा पट्टा, मग एक भलीमोठी खुर्ची, जिच्यावर आता इस्त्रीचे कपडे बसतात. पाचव्या वर्षी मात्र ठरवलं की घरातली ट्यूब लागत नसेल तर आपण आधी स्टार्टर बघतो, मग चोक. सगळं एकदम बदलत नाही. इथंही तसंच करायचं. एका वेळी एकच बदल, चार दिवस थांबायचं, वहीत लिहायचं. मी डॉक्टर नाही, मुद्रितशोधन आणि मराठी टायपिंग हे माझं काम. पण शोधता शोधता जे सापडलं ते माझ्यासारख्या बऱ्याच जणांच्या घरी असणार, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी बघा, कोणती बोटं?

ही माझी पहिली चूक. हाताला मुंग्या म्हणजे मनगट, म्हणजे कार्पल टनेल (मनगटातल्या बोगद्यात नस दबणं), असं मीच ठरवून टाकलं आणि पट्टा आणला. महिनाभर रात्री बांधला. काडीचा फरक नाही. फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "मुंग्या नेमक्या कुठल्या बोटांना येतात?" मी म्हटलं, "करंगळीला." त्या हसल्या. "मग मनगटाला कशाला बांधून ठेवलंत?"

मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला एक अरुंद बोगदा आहे. त्यातून बोटं मिटणाऱ्या नऊ कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि त्यांच्याबरोबर एक नस जाते. ही नस अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची त्या बाजूची निम्मी कड सांभाळते. ती बोगद्यात दाबली गेली की ह्याच बोटांना मुंग्या येतात, बहुतेक वेळा रात्री, आणि माणूस झोपेतून उठून हात झटकतो. करंगळी आणि अनामिकेची उरलेली कड यांची नस वेगळी. ती कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या खाचेतून, जवळजवळ कातडीखालूनच जाते. दाराच्या चौकटीवर कोपर आपटलं की जी झिणझिणी करंगळीपर्यंत धावते, ती ह्याच नसेची.

म्हणजे करंगळीला मुंग्या येत असतील तर मनगटापेक्षा कोपर आधी तपासायचं. आणि मान वळवल्यावर किंवा मागे झुकवल्यावर हातात कळ उतरत असेल तर मूळ मानेत असू शकतं. तिथं घरगुती तपास थांबवून डॉक्टर गाठायचा.

घरी करून बघायची एक सोपी चाचणी बाईंनी दाखवली. दोन्ही कोपरं पूर्ण दुमडून, हात खांद्याजवळ नेऊन, मिनिटभर धरायची. उजवीकडे काहीच झालं नाही. डावीकडे चाळीस सेकंदांतच करंगळी झिणझिणायला लागली.

"आणि" लिहिताना काय होतं

कोपराकडे वळण्याआधी एक आडवाट. मुंग्यांखेरीज मला आणखी एक दुखणं होतं : डाव्या तळहाताची करंगळीकडची कड संध्याकाळपर्यंत भरून यायची, दाबली की दुखायची. हे मुंग्यांपेक्षा वेगळं आहे हे कळायलाच दोन आठवडे गेले. दोन बिघाड एकाच जागी असले की असंच होतं, एक दुरुस्त केला तरी दुसऱ्यामुळे वाटतं की काहीच सुधारलं नाही.

मी इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या कळांच्या मांडणीवर, टाइप करते. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. महाप्राण सगळे शिफ्टवर : क ज्या कळीवर, तिच्यावरच शिफ्टसकट ख, तसेच ग-घ, त-थ, द-ध. शिवाय ळ शिफ्टवर, ण शिफ्टवर, श शिफ्टवर, आणि शब्दाच्या सुरुवातीचे अ, आ, इ, ए हेही शिफ्टवर. इंग्रजीत वाक्याच्या सुरुवातीला एकदा शिफ्ट लागते. मराठीत बऱ्याचदा शब्दागणिक.

आता "आणि" घ्या. मराठीच्या कुठल्याही पानावर डझनभर वेळा येणारा शब्द. आ म्हणजे शिफ्ट आणि इंग्रजी ई ची कळ. ण म्हणजे शिफ्ट आणि सी. ऱ्हस्व वेलांटी एफ वर. तिन्ही कळा डाव्या हाताच्या. आणि मी शिफ्टही डावीच दाबत होते. म्हणजे करंगळी खाली कोपऱ्यात खिळलेली, मधलं बोट वरच्या ओळीत, मग तेच खालच्या ओळीत, आणि सगळा पंजा फाकलेला. उजवा हात मजा बघत बसलेला.

मुलीला मोबाइलवर फक्त माझ्या बोटांचं चित्रण करायला सांगितलं. अर्ध्या मिनिटाचं. ते बघितल्यावर मला माझीच दया आली. टायपिंगच्या वर्गात शिकवतात की ज्या हाताची कळ, त्याच्या विरुद्ध हाताची शिफ्ट. मी वर्गात न जाता शिकले, त्यामुळे उजवी शिफ्ट माझ्या लेखी शोभेची होती.

पंचवीस वर्षांची सवय पन्नाशीला सहज मोडत नाही. म्हणून मी दुसरा उपाय केला : स्टिकी कीज. विंडोजमध्ये सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, कीबोर्ड असं गेलं की सापडतं. किंवा शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की संगणक आपणहून विचारतो. ही सोय चालू असली की शिफ्ट धरून ठेवावी लागत नाही. शिफ्ट दाबायची, सोडायची, मग अक्षराची कळ दाबायची. पंजा फाकावा लागत नाही. एक अडचण येते, सवयीने दोन कळा एकदम दाबल्या की सोय बंद पडते. त्याच पानावर तो पर्याय आहे, तो काढून टाका. पहिले दोन दिवस वेग निम्म्यावर आला आणि मी चिडचिड केली. आठव्या दिवशी वहीत नोंद आहे : "कड दुखत नाही."

फोनेटिक पद्धतीने, म्हणजे उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबून, टाइप करणाऱ्यांची गत वेगळी. तिथं शिफ्ट कमी, पण एकेका अक्षराला कळा जास्त दाबाव्या लागतात. कुठली पद्धत बरी यावर वाद घालण्यापेक्षा स्वतःच्या बोटांचं अर्ध्या मिनिटाचं चित्रण बघा.

कोपर आणि सनमायका

तळहाताची कड गेली, मुंग्या राहिल्या.

संध्याकाळी काम संपल्यावर हात उजेडात धरून बघितला. कोपराच्या जरा खाली, आतल्या बाजूला, आडवी तांबडी रेघ उठलेली. आमचं टेबल जुनं, वर सनमायका, कडेला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. प्रुफं वाचताना डावा हात रिकामा असतो, तेव्हा मी कोपर त्या पट्टीवर टेकवून गाल तळहातावर ठेवते. शाळेत असल्यापासूनची पोज. म्हणजे कोपर दुमडलेलं, आणि नस जिथं उघडी, नेमकी तिथंच पट्टी. वर रात्री अंथरुणात मोबाइल धरताना पुन्हा तेच कोपर दुमडलेलं, अर्धा-पाऊण तास.

पण कोपर टेबलावर का टेकत होतं? टेप आणून मापलं. टेबल जमिनीपासून तीस इंच. बहुतेक जेवणाची आणि लिहायची टेबलं एवढीच असतात. मी ताठ बसून हात कोपरात काटकोनात धरले, तर कोपराची उंची सव्वीस इंच. चार इंचांचा फरक. माझी उंची पाच फूट एक इंच. ते टेबल माझ्यासाठी कधीच नव्हतं. चार वर्षं मी खांदे चार इंच उचलून टाइप करत होते, आणि उचललेले खांदे दमले की हात कडेवर टेकत होता. करंगळीच्या मुंग्या आणि खांद्याची सुतळी, दोन्हीचं मूळ त्या चार इंचांत.

ह्या एका मापासाठी तरी आज टेप हातात घ्या. खुर्चीत बसा, खांदे सैल सोडा, कोपर काटकोनात वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंत मापा. कीबोर्डचा माथा त्या उंचीला किंवा त्याहून बोटभर खाली हवा. टेबल उंच असेल तर खुर्ची वर घ्या. खुर्ची वर घेतली की पाय लोंबकळतात आणि मांडीखाली काचतं, म्हणून पायाखाली काहीतरी हवं. बाजारात त्यासाठी फूटरेस्ट मिळतो; मी माळ्यावरचा पाट काढला. सासूबाईंना ते अजिबात आवडलं नाही. पाटावर बसायचं असतं, पाय ठेवायचे नसतात. शेवटी एक जुना, तुटक्या कडेचा पाट त्यांनीच शोधून दिला.

गादीची उशी आणि पाट अशा जुगाडावर दोन आठवडे काढले. फरक पडतोय याची खात्री झाल्यावरच सुताराला बोलावून टेबलाचे पाय तीन इंच कापून घेतले. क्रम महत्त्वाचा : आधी उशी, मग करवत. कडेच्या पट्टीवर पाण्याच्या पाइपला लावतात ती फोमची नळी चिरून बसवली. रात्री डाव्या कोपराभोवती टॉवेल सैलसर गुंडाळून झोपले, म्हणजे झोपेत कोपर दुमडत नाही. तीन आठवड्यांत मुंग्या थांबल्या. लगेच नाही, दबलेली नस सावरायला वेळ घेते, त्यामुळे चार दिवसांत निकाल लावायचा माझा नियम इथं मोडावा लागला.

मान : सगळे सांगतात तो उपाय मला उलटा पडला

लॅपटॉपची गोम अशी की पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले. हात सुखात असले तर मान खाली, मान सुखात असली तर हात वर. माणसाचं डोकं साधारण पाच किलोंचं; ते पुढे कलतं तसतसं मानेच्या मागच्या स्नायूंना जास्त ओढावं लागतं. म्हणून सगळे सांगतात, लॅपटॉप उंचावर ठेवा, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा आणि कीबोर्ड वेगळा घ्या. बरोबरच आहे. मी चौरंगावर लॅपटॉप ठेवला, बाहेरून कीबोर्ड जोडला. आणि मान आधीपेक्षा जास्त दुखायला लागली.

याचं उत्तरही फोटोतच सापडलं. मुलीला सांगून ठेवलं होतं की मला न कळवता बाजूने फोटो काढ, एक कामाला बसल्यावर दहा मिनिटांनी, एक तासाभराने. तासाभराच्या फोटोत माझी हनुवटी वर आणि डोकं मागे, जणू छतावरची पाल शोधतेय.

कारण नाकावर होतं. मला चाळिशी लागून सहा-सात वर्षं झाली, चष्मा प्रोग्रेसिव्ह. त्यात लांबचं वरच्या भागातून दिसतं, जवळचं खालच्या. पडदा उंच नेला की काचेच्या खालच्या भागातून तो बघायला हनुवटी उचलावीच लागते. पंचविशीतल्या मुलाला लागू पडणारा सल्ला बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्हवाल्याला असा उलटा पडतो. पडदा चार-पाच इंच खाली घेतला, जरा मागे कलवला. मग चष्मेवाल्याकडून फक्त पडद्याच्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घेतला. जाताना डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचं अंतर मापून न्या. माझं चोवीस इंच होतं. वाचायच्या चष्म्याचा नंबर ह्याला चालत नाही, तो पुस्तकाच्या अंतराचा असतो, आणि तो लावून बसलं की माणूस पडद्यावर झुकतो.

हनुवटी खाली आली, तरी तासाभराच्या फोटोत मान पुढे होतीच. कासवासारखी. ह्याचं कारण आमच्या धंद्याचं : वेलांट्या. शंभर टक्क्यांवर उघडलेल्या पानात "मि" की "मी", अनुस्वार आहे की कागदावरचा ठिपका, रफार कुठं बसलाय, हे बघायला माणूस आपोआप पुढे सरकतो. त्याच पॉइंटच्या इंग्रजी अक्षरापेक्षा देवनागरी अक्षर बारीक दिसतं, कारण वरच्या-खालच्या मात्रांना त्याच उंचीत जागा करून द्यावी लागते. कंट्रोल धरून अधिकची कळ तीन-चारदा दाबली, पान दीडशे टक्क्यांवर नेलं, पाठ खुर्चीला लागली. फुकटचा उपाय, आणि सगळ्यांत शेवटी सुचला.

कागदी प्रुफं अजूनही येतात. ती टेबलावर डावीकडे सपाट ठेवून वाचत होते, म्हणजे मान खालीही आणि वळलेलीही, दिवसभर एकाच बाजूला. आता ती आजेसासूबाईंच्या पोथीच्या लाकडी घडीच्या स्टँडवर, पडद्याच्या अगदी शेजारी असतात.

बाकीचं भराभर

उजवा खांदा दुखत असेल तर माउस किती लांब आहे ते बघा. मोठ्या कीबोर्डच्या उजवीकडचा आकड्यांचा भाग माउसला वीतभर बाहेर ढकलतो. आकडे फारसे लागत नसतील तर तो भाग नसलेला कीबोर्ड घ्या. हिशेबाचं काम असेल तर माउस डाव्या हाताला द्या, आठवड्यात जमतं.

कीबोर्डच्या मागचे दोन छोटे पाय मिटून टाका. ते उघडले की मनगट वर मुडपतं. जेलची उशी टाइप करताना मनगट टेकवायला नाही, थांबल्यावर हात विसावायला आहे. टेकवून टाइप केलं तर नेमकं बोगद्यावरच वजन येतं.

डोळे चुरचुरतात ते बहुधा पापण्या कमी लवल्यामुळे. पडद्याकडे एकटक बघताना सगळ्यांचंच तसं होतं. पंखा किंवा एसी थेट तोंडावर नको. वीस मिनिटांनी वीस फुटांवरचं काहीतरी वीस सेकंद बघायचा नियम चांगला आहे. माझ्या खिडकीतून समोरच्या सोसायटीची टाकी दिसते, ती बघते.

उठायचं कसं लक्षात ठेवावं? गजर लावून मी दोन दिवसांत कंटाळले. मग टेबलावरची पाण्याची बाटली काढली आणि फुलपात्र ठेवलं. फुलपात्रभर पाणी अर्ध्या तासात संपतं, स्वयंपाकघरात जावंच लागतं.

आणि एक गोष्ट जिला टेप लावता येत नाही. बर्नार्दिनो रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्याने धंद्यांमुळे होणाऱ्या रोगांवर १७०० साली ग्रंथ लिहिला. पुढे १७१३ च्या आवृत्तीत त्याने लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणं दिली : सतत बसून राहणं, हाताची तीच ती हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. तिसरं कारण वाचून मी फोटो पुन्हा काढून बघितले. अंक छापायला जायच्या आदल्या दिवशीच्या फोटोत टेबल, खुर्ची, चष्मा, सगळं दुरुस्त झालेलं होतं, आणि खांदे तरीही कानाला लागलेले. त्याला सुतार उपयोगी नाही. त्या दिवशी मी दर पानानंतर श्वास सोडून खांदे पाडते, एवढंच करते.

घरी शोधत बसू नका, अशा वेळी

बोटं कायमची बधिर झाली, कप हातातून सुटायला लागला, शर्टाची बटणं लावताना अडायला लागलं, अंगठ्याखालचा उंचवटा सपाट दिसायला लागला, तर डॉक्टरकडे जा. ते नसांची तपासणी करायला सांगतील. मधुमेह, थायरॉइडचा त्रास, गरोदरपण यांत मनगटातली नस दबण्याचा संभव वाढतो. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणंही नेहमीचं आणि त्यानेही मुंग्या येतात. मात्र त्या बहुधा पायांनाही आणि दोन्ही बाजूंना येतात. मानदुखीबरोबर चालताना तोल जायला लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी दवाखाना. डावा हात दुखतोय आणि छातीत दडपण, घाम असेल तर तो कीबोर्ड नव्हे, ताबडतोब हॉस्पिटल.

ह्या वर्षीचा ऑगस्ट आणि सप्टेंबर मान न धरता गेला. वही मात्र अजून चालू आहे. तिच्यातली ताजी नोंद : "मान ठीक. करंगळी ठीक. उजव्या अंगठ्याचं बूड दुखतंय, सकाळी जास्त. व्हॉट्सअ‍ॅप?" उद्यापासून चार दिवस मोबाइल टेबलावर ठेवून तर्जनीने टाइप करून बघणार आहे.